बुधीचा वाटा

ईरा, परवा फोनवर "आजी, मानेत गाठी लागतायत, आणि डॉक्टर थायरॉइडचं काहीतरी म्हणतायत" एवढं बोलून तू इतका वेळ गप्प राहिलीस की मला वाटलं, टोरांटोची लाईन गेली. तू इंटरनेटवर नको ते वाचून बसली होतीस, हे मला नंतर तुझ्या भावाकडून कळलं. आता तपासण्या झाल्या आहेत, भीतीचं काही निघालेलं नाही, रोज सकाळी एक गोळी घ्यायची आहे. इकडे आमच्या वसाहतीच्या दिवाळी अंकवाल्यांनी "नोकरीतले अनुभव लिहून द्या" म्हणून माझ्या मागे धोशा लावला होताच. दोन कामं एकाच फेरीत उरकली की मला बरं वाटतं. तेव्हा हे त्यांच्यासाठी, आणि तुम्हा दोघांसाठी. अंकाची प्रत पोस्टाने येईल. मराठी वाचायला वेळ लागला तरी चालेल, पण इंग्रजीत सांग म्हणायचं नाही.

माझी नोकरी नर्सची. शिक्षण मुंबईला, सगळं इंग्रजीतून. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं तेव्हा तुमचे आजोबा तिथे सुपरवायझर म्हणून लागले, आणि मी बोईसर स्टेशनजवळच्या एका छोट्या धर्मादाय दवाखान्यात रुजू झाले. आठ खाटा, एक डॉक्टर, एक कंपाउंडर आणि मी. बाहेरच्या रस्त्यावरून सिमेंटचे ट्रक जात, त्यांची धूळ खिडकीतून आत येई, आणि मी ती पुसत असे. डॉक्टर करंदीकर म्हणायचे, "सिस्टर, तुम्ही आहात म्हणून कळतं की आपल्या कपाटाचा रंग पांढरा आहे." टवाळीच होती, पण मला ती आवडायची. माझ्या ट्रॉलीवर कात्री कुठे आहे हे डोळे मिटून सांगता येई. मोजपट्टी कायम खिशात.

त्या मोजपट्टीने मी माना मोजायची. त्या भागात गळ्याला गाठ आली की सगळे एकच नाव घेत, गंडमाळ. म्हणजे क्षयाच्या गाठी. बऱ्याचदा ते खरंही असे. गाठी तपासायच्या तर रोग्याच्या मागे उभं राहायचं, दोन्ही हातांची बोटं कानाखालून गळपट्टीच्या हाडापर्यंत हळूहळू फिरवत आणायची. दाबायचं नाही, नुसतं विचारायचं, असं आमच्या मेट्रन शिकवत. बोटांना कळतं: गाठ रबरासारखी आहे की दगडासारखी, सरकते की खिळून बसली आहे, सुटी आहे की शेजारणीला चिकटली आहे.

चैत्रातल्या एका दुपारी आमचा पाणक्या लखमा एका बाईला घेऊन आला. लखमा पूर्वेकडच्या डोंगराजवळच्या पाड्यावरचा. स्वतःची थोडी जमीन होती, ती पावसावर पिकायची. एरवी आमच्याकडे विहिरीवरून पाणी भरायचा. बाहेर ऊन रणरणत होतं आणि ही बाई घोंगडी पांघरून आली होती. चेहरा सुजलेला, पापण्या जड, चाल संथ. गळ्यात मण्यांची घट्ट माळ, आणि माळेच्या वर-खाली बिब्ब्याचे काळे डाग. गाठी जिरवायला कुणीतरी बिबा लावला होता.

तिच्याबरोबर तिच्याच वयाची दुसरी एक बाई होती. चांगली अंगापिंडाने भरलेली, शांत. ती आली, उंबऱ्याशी बसली, आणि जाईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

"ही लाडकी," लखमा म्हणाला. "आमची धवलेरी. आन ती बुधी, तिची जोडीदारीन."

धवलेरी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं. त्या पाड्यांवर लग्न भटजी लावत नाही. बाई लावते. ती गाणी म्हणते, तेच मंत्र. देवांना बोलावणं, मांडव शिंपणं, नवरा-नवरीला हळद, सगळं तिच्या गळ्यातून व्हायचं. एक ओळ ती सोडते, जोडीदारीण ती ओळ झेलते. गाणं पुरं झालं की लग्न लागलं. तिच्या गाण्यावाचून लग्न नाहीच.

आणि हिचा गळा बसला होता. ती बोलली तेव्हा मला वाटलं, मागून कुणी पुरुष बोलतोय.

"काय होतंय, लाडकी?"

"उंबरोलीकडं लगीन लावत होते," ती सावकाश म्हणाली. उमरोळीला तिकडे उंबरोली म्हणत. "गाना अर्दा राहला. आवाजच नाय आला. आता ता लगीन माज्या गल्यात बसलाय, बाय. येक येक कडवा येक येक गाठ." मग माझं बोट धरून तिने एकेका गाठीवर ठेवलं. "ही हलदीची. ही मांडवाची. ही मोठी हाय ना, ती सासरी धाडायची."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांचा हाच गुण मला आवडायचा. त्यांनी स्वतः गळा तपासला. गाठी दोन्ही बाजूंना होत्या, रबरासारख्या, सरकणाऱ्या. पण त्या दोन रांगांच्या मधोमध, गळ्याच्या घाटीखाली, थायरॉइडची ग्रंथी सुजून टणक झाली होती. टणक ग्रंथी, शेजारी गाठी आणि बसलेला आवाज, हे तिन्ही एकत्र दिसलं की डॉक्टरच्या मनात क्षयापेक्षाही वाईट नाव येतं. ते नाव त्यांनी मला इंग्रजीत सांगितलं.

लखमाला इंग्रजी येत नव्हतं, चेहरे मात्र वाचता येत होते. तो माझ्यामागे औषधांच्या खोलीत आला.

"बाय, ही बरी होल ना? माजा लगीन हाय."

लखमाचे केस पांढरे व्हायला लागले होते. घरात बायको होती, चंदरी. चार मुलं होती, मोठ्याचं लग्न ठरलं होतं. मी त्याच्याकडे बघतच राहिले, तेव्हा कंपाउंडरने खुलासा केला. त्या लोकांत माणसं एकत्र राहायला लागतात, संसार करतात, आणि लग्नाचा समारंभ जमेल तेव्हा करतात. कधी मुलं मोठी होईपर्यंत राहून जातो. पण लखमाच्या पाड्याची रीत अशी की आईबापाचं लग्न लागल्याशिवाय मुलाचं लागत नाही. म्हणजे आधी लखमा नवरदेव, मग त्याचा मुलगा. आणि दोन्ही लग्नं लावायची लाडकीनेच, कारण आसपास दुसरी धवलेरी नव्हती. शिवाय उमरोळीकडची ती अर्धवट लग्नातली पोरगी होतीच. ती ना माहेरची ना सासरची, अशी माहेरच्या ओटीवर बसून होती.

त्या दिवसापासून कंपाउंडर लखमाला हाक मारू लागला, "नवरदेव, पाणी भरलं का?"

लाडकीची एक गाठ डॉक्टरांनी आमच्याच दवाखान्यात, जागा बधिर करून काढली. मी बाटलीत घातली, चिठ्ठी चिकटवली, आणि कंपाउंडर ती मुंबईला घेऊन गेला. रक्ताचे नमुनेही गेले. तेव्हा या तपासण्या एखाद्या मोठ्या इस्पितळातच होत. उत्तर यायला बरेच दिवस लागले, आणि तेवढे दिवस लखमाने आमच्या विहिरीचं पाणी गरजेपेक्षा जास्तच उपसलं.

उत्तर चांगलं आलं. क्षय नाही. दुसरंही नाही. आपल्या शरीरात पहारेकरी असतात असं समज. त्यांनी बाहेरच्या चोरांना पकडायचं. काही माणसांत, विशेषतः बायकांत, पहारेकऱ्यांचा गैरसमज होतो आणि ते घरच्याच माणसावर, म्हणजे थायरॉइडवर, धावून जातात. ग्रंथी सुजते आणि हळूहळू थकते. मग थंडी वाजते, अंग सुजतं, आवाज जाड होतो, मन मंदावतं. आणि मानेतल्या गाठी म्हणजे या पहारेकऱ्यांच्या चौक्या. जवळ मारामारी सुरू झाली की चौकीत गर्दी होते, चौकी फुगते. फुगलेली प्रत्येक चौकी म्हणजे संकट नव्हे. पण कशाने फुगली ते डॉक्टरकडून तपासून घ्यावंच लागतं, घरी बसून ठरवायचं नसतं. तू तपासून घेतलंस, शहाणी आहेस.

औषध सोपं होतं. थकलेली ग्रंथी जे बनवत नाही ते बाहेरून द्यायचं. तेव्हा जनावरांच्या ग्रंथी वाळवून केलेल्या गोळ्या मिळत, मुंबईहून मागवाव्या लागत. मी बाटली भरून लखमाच्या हाती दिली. "रोज सकाळी एक. विसरायचं नाही."

"इसरंल कशी?" लखमा म्हणाला. "मी हाय ना."

पाऊस लागला. पाड्याच्या वाटेवर चिखल झाला, लावण्या सुरू झाल्या. लखमा गोळ्या नेत होता, आणि अधूनमधून लाडकीला घेऊन येत होता. बुधी आवणात, म्हणजे भातलावणीत, गुंतलेली असायची, ती काही यायची नाही. मी मोजपट्टीने मान मोजायची. लाडकी मला तिची माळ दाखवायची. सूज वाढली तेव्हा तिने माळेत जास्तीचे मणी ओवले होते, आणि ते काढायची वेळ येत नव्हती. मोजपट्टी आणि माळ एकच सांगत होत्या: फरक नाही.

डॉक्टरांनी गोळी वाढवली. एकाच्या दोन, दोनाच्या तीन. श्रावण सरला तरी घोंगडी सुटेना. भाद्रपदात चार झाल्या. लाडकी प्रामाणिकपणे सांगायची, "खातो ना बाय. रोज खातो." आवाज तसाच, विहिरीतून आल्यासारखा. दसरा झाला तेव्हा डॉक्टर एका सकाळी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"सिस्टर, एवढ्या डोसाला हिने उठून पळायला हवं होतं. मुंबईचं उत्तर चुकलं असेल का? आपण काढली ती गाठ निर्दोष, आणि शेजारचीच..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "मी सर्जनला लिहितो. ग्रंथी काढावी लागेल."

त्या ग्रंथीच्या मागून आवाजाची नस जाते. तिला धक्का लागला तर आवाज जातो, आणि तेव्हा तो लागायचाही. हे डॉक्टरांनी लाडकीला स्वतः सांगितलं. लपवलं नाही.

लाडकीने खूप वेळाने उत्तर दिलं. तिचं सगळंच वेळाने होई. "गला कापून मी जगन, डाक्टर. पन मंग मी कोन?"

तिकडे कुणी कुणाला अहो-जाहो करत नाही. डॉक्टरांनाही ती 'तू'च म्हणायची. "तू तुजा काम कर," ती म्हणाली. "मी येतो मुंबईला. पन दिवाली होऊं दे."

दिवाळी झाली. मुंबईला निघायच्या दिवशी सकाळी ती दवाखान्याच्या ओसरीवर येऊन बसली. घोंगडी, गाठोडं, आणि सोबतीला बुधी. लखमाने नवा सदरा घातला होता, तो त्यांना गाडीने घेऊन जाणार होता. त्याची चंदरीही पोचवायला आली होती.

"लाडके," लखमा म्हणाला, "जायच्या आदी येकदा म्हन. माज्या लगनाचा. पयलाच म्हन, लय नको."

"मांडव नाय, हलद नाय, आन म्हन काय?"

"मांडव मी हाय," चंदरी म्हणाली. "इतकी वरसां याच्या डोक्यावर छप्पर धरून उबीच हाय का नाय?"

बायका हसल्या. लाडकीने डोळे मिटले आणि त्या खर्जातल्या, घोगऱ्या आवाजात पहिली ओळ सोडली. भरलेली बैलगाडी चढ चढते तशी. ओळ संपायच्या आत बुधीने ती उचलली, आणि काय सांगू, ती गाडी उताराला लागल्यासारखी सुटली. लाडकी दुसरी ओळ सुरू करते तोवर बुधी तिसरीवर. लाडकीने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. बुधी थांबली, पुन्हा धरलं, पुन्हा पुढे पळाली.

"अग, वरात मागं राहली," चंदरी म्हणाली. कंपाउंडर दाराला टेकून पोट धरून हसत होता.

मी बुधीच्या हातांकडे बघत होते. मांडीवर ठेवलेली बोटं वाऱ्यातल्या पानासारखी थरथरत होती. सकाळचा गारवा होता, लाडकी घोंगडीत होती, आणि बुधीची चोळी घामाने ओली. चैत्रात पाहिलेली ती भरलेली, मुकी बाई कुठे गेली होती? ही काटकुळी झाली होती, डोळे टक्क उघडे, आणि आल्यापासून तोंड बंद नव्हतं. मी तिचं मनगट धरलं. मोजायला घड्याळ लागलंच नाही. बोटाखाली नाडी धावत होती.

"बुधी, झोप लागते का?"

"नाय लागं. पन बरा हाय, लय काम होतंय. रातचा दलन पन होतंय, येवडा दलला की शेजारचा पन दलून दिला, घरधनी म्हनतो भूत लागला, छातीत ढोल वाजतो नुसता..."

"आणि खातेस काय?"

"हिला तू देतेस, तीच."

मी लाडकीकडे वळले. तिच्या चेहऱ्यावर लपवाछपवीचं काही नव्हतं. मी काय विचारते आहे हेच तिला समजत नव्हतं.

"लाडकी, गोळ्या तू कशा खातेस?"

"दोगी खातो ना. गाना दोगींचा, मंग दवा येकटी कशी खाव? पयली येकच होती, ती मोडली, अर्दी-अर्दी. मंग दोन झाल्या, येक-येक."

"आणि आता चार?"

"येक मी, तीन ती."

"तीन का?"

लाडकीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी आई लहान मुलीकडे बघते. "बग ना तिच्याकडं. मी फुगून बसले, ती वालत चाललीय. मंग जास्त कोनाला द्याचा?"

तिला वाळवत होत्या त्या गोळ्याच. आणि ती जितकी वाळत होती, तितका तिचा वाटा वाढत होता. डॉक्टर डोस वाढवत गेले आणि तो सगळा बुधीच्या पोटात गेला. लाडकी 'खातो' म्हणायची ते त्यांच्या बोलीतलं 'आम्ही खातो' होतं की 'मी', हे शहरातल्या आम्हा दोघांनाही विचारावंसं वाटलं नव्हतं. आमच्या शिक्षणात औषध एकट्या रोग्याचं असतं. त्यांच्या घरात एकट्याचं असं काही नसे.

मी आत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी टेबलावर कपाळ टेकलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. दारातून बघणारा लखमा घाबरला. "डाक्टर रडतो काय?"

डॉक्टर हसत होते. डोळे पुसून उठले आणि पहिल्यांदा त्यांनी बुधीची नाडी, छाती, सगळं नीट तपासलं. गोळ्या थांबल्या की ती पूर्ववत होईल याची खात्री झाल्यावर सर्जनला तार केली: तूर्त येत नाही. लखमाने नवा सदरा काढून ठेवला आणि पाणी भरायला गेला.

पण गोष्ट एवढ्यावर मिटली नाही. लाडकी एकटीने गोळी खायला तयार होईना. "बुधी उपाशी, आन मी खाऊन गला सोडवला, तं त्या गल्यातला गाना देव आयकंल?"

डॉक्टर समजावून थकले. इथे माझी टापटीप कामाला आली. बुधीच्या डोळ्यांची पापणी मी आधीच ओढून पाहिली होती, आत फिकट होती. रक्त कमी. तिला तसंही लोहाचं औषध द्यायचंच होतं. मी दोन बाटल्या मांडल्या. एकीवर पांढरा धागा बांधला, एकीवर लाल.

"पांढरी लाडकीची, लाल बुधीची. दोघींनी एका वेळी, समोरासमोर बसून खायची. पण अदलाबदल केली तर गाणं बिघडतं. आज ओसरीवर बिघडलं ना, तसं."

हे दोघींना लगेच पटलं, कारण बिघडलेलं गाणं त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. पहारा करायला आम्ही लखमाला नेमलं. रोज कामावर निघायच्या आधी त्याने लाडकीच्या ओट्यावर जायचं आणि दोघींच्या तोंडात गोळी जाते ते बघायचं. इतका दक्ष वॉर्डबॉय मला पुढे कुठल्याही इस्पितळात मिळाला नाही. स्वतःचं लग्न अडलेलं होतं.

महिन्याभरात बुधी पुन्हा मुकी झाली. थंडी ऐन भरात असताना लाडकीने घोंगडी टाकली. चेहऱ्यावरची सूज उतरली आणि आतून एक खट्याळ बाई बाहेर आली, जी आम्ही कुणी पाहिलीच नव्हती. कंपाउंडरच्या टकलावर ती लग्नाच्या चालीत ओळी रचायची. मोजपट्टी माघार घेत होती. एक दिवस तिने माळेतले जास्तीचे मणी काढून माझ्या टेबलावर ठेवले. "उंबरोलीच्या पोरीचे हायत," म्हणाली. "तिला सांग, तयारी कर."

चैत्रात आम्ही लग्नांसाठी लखमाच्या पाड्यावर गेलो. तुमच्या आजोबांनी साइटवरचा एक ट्रक मिळवला होता. ड्रायव्हर पंजाबी. लग्न कुणाचं आहे असं त्याने विचारलं, तर मी लखमाकडे बोट केलं. तो हळद लावून, मुंडावळ्या बांधून बसला होता, आणि त्याचा नातू, ज्या मुलाचं लग्न लागायचं होतं त्याचाच पोरगा, त्याच्या मांडीवर चढून मुंडावळ्या ओढत होता.

"दूल्हा ये है?" ड्रायव्हर म्हणाला. "फिर तो मेरे लिए भी उम्मीद है, सिस्टरजी."

लखमाचं लग्न आणि मुलाचं लग्न पाठोपाठ व्हायचं होतं. पण लाडकीने दोन्ही नवरदेवांना थांबवून ठेवलं. आधी उमरोळीच्या पोरीला आणि तिच्या नवऱ्याला पाटावर बसवलं, आणि वर्षापूर्वी जिथे थांबली होती नेमक्या त्याच कडव्यापासून गाणं उचललं. तो आवाज कोवळा नव्हता, गोडही नव्हता. रुंद होता. अंगणातून वर चढला, ताडांच्या झावळ्यांपर्यंत गेला. बुधीने ओळ झेलली, न पळता, न रेंगाळता. दोघींचा श्वास एकत्र पडत होता. शब्द मला निम्मेही कळले नाहीत, आणि कुणाकडून समजून घेतले नाहीत, याची चुटपुट आजही आहे. पण शेवटचं कडवं संपलं तेव्हा लाडकीने आपल्या गळ्यावरून हात फिरवला, कानाखालून गळपट्टीच्या हाडापर्यंत, अगदी मी फिरवायची तसा, आणि माझ्याकडे बघून मान हलवली. नाही, म्हणाली. काही नाही आता.

नंतर चंदरी नवरी झाली. पाटावर बसताना सुनेला म्हणाली, "बग आन शिक, मंग तुला पन बसायचा हाय." अख्खा मांडव हसला.

जेवणं बसली. भात, कोंबडीचा रस्सा, आणि द्रोणात ताडी. डॉक्टरांनी ताडी घेतली, हे मी त्यांच्या घरी कधी सांगितलं नाही. लाडकी आणि बुधी एकाच पानावर बसल्या होत्या. लाडकीने भाताचे दोन ढीग केले, एक लहान, एक मोठा. मोठा बुधीकडे सरकवला. मग तिची नजर माझ्यावर पडली. मी बघत होते, आणि सवयीने बहुधा माझी भुवई वर गेली असावी.

लाडकीचा हात क्षणभर थांबला. मग तिने तो मोठा ढीग आणखी थोडा पुढे लोटला.

"ही गोळी नाय, बाय," ती म्हणाली. "हा भात हाय."